वीस पावलांची शीव

मी नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करते असं सांगितलं, की लोकांना वाटतं मी खूप हिंडत असेन. प्रत्यक्षात मी पुण्यात एका खुर्चीत बसून असते. पडद्यावर जुन्या नकाशाची प्रत उघडायची आणि तिच्यावरच्या नद्या, रस्ते, गावांच्या सीमा माउसने गिरवून संगणकाला कळतील अशा करून ठेवायच्या, हे माझं काम. अशा रीतीने मी पुष्कळ गावं गिरवली आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ एकाही गावाचं पाणी प्यायलेलं नाही.

म्हणून तीन वर्षं माझ्याबरोबर एका खोलीत राहिलेल्या प्रियांकाने लग्नाला बोलावलं, तेव्हा नेहमीसारखं "बघते" न म्हणता मी लगेच हो म्हटलं. तिचं गाव निपाणीपासून अर्ध्या तासावर, कर्नाटकात. नवऱ्या मुलाचं गाव त्याला लागूनच, पण महाराष्ट्रात. दोन्ही गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

बेळगाव

जातेच आहेस तर एक दिवस आधी जा आणि आमच्या मामांकडचे जुने नकाशे बघून ये, असं ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांच्या मामांबद्दल सुचवलं. मामा बेळगावात वकील. अनोळखी घरी जायचं म्हणजे मी दाराबाहेर थांबून पहिली दोन वाक्यं मनात म्हणून बघते. टिळकवाडीतल्या त्या फाटकाशी मी तेच करत होते, तेवढ्यात दार उघडून वकिलांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "नकाशेवाली काय गं तू? आत ये की. उन्हात कशाला उभारलीस?"

तयार केलेली दोन्ही वाक्यं वाया गेली.

आत जेवणाच्या टेबलावर कोल्हापूर संस्थान पसरलेलं होतं. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर पिवळा पडलेला, फिकट गुलाबी रंगाचा नकाशा. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवलेल्या, कसर लागू नये म्हणून मधे वेखंडाचे तुकडे. वकीलकाका भिंग घेऊन त्यावर वाकले होते.

"आधी तुमचं संस्थान खालसा करा," काकू म्हणाल्या. "मला पानं वाढायची आहेत. ही पोर रात्रभर बसमधनं आलीय."

"पाच मिनिटं."

"तीस वर्षं झाली ह्या पाच मिनिटांना."

मी भात जेवले तो नकाशाच्या कडेला बसूनच. संस्थान अर्धंच खालसा झालं होतं.

जेवणानंतर काकांनी आणखी एक गुंडाळी सोडली. ती एका मराठेशाहीतल्या नकाशाची नक्कल होती. त्यात नदी मधोमध वाहत होती आणि तिच्या दोन्ही काठांचे डोंगर बाहेरच्या बाजूला आडवे झाले होते, दोन्हीकडून उताणे पडून आभाळ बघत असल्यासारखे. पाण्यात मासे. किल्ला समोरून पाहिल्यासारखा, दरवाजासकट. नावं मोडीत, म्हणजे मला बंद. कागद कुठल्या बाजूने धरायचा तेच कळेना.

"उत्तर कुठे आहे?" मी विचारलं.

"उत्तर कशाला पाहिजे?" काका हसले. "ज्याला जिकडे जायचंय ती बाजू वर. हा नकाशा डोक्यावरनं बघायचा नाही, ह्याच्यातनं चालत जायचं. चाललीस की पहिला डोंगर उजव्या हाताला येतो की नाही बघ."

मी बोटाने चालून बघितलं. आला.

मग त्यांनी इंग्रजांच्या काळातली पत्रकं काढली. मद्रासकडे जमिनीवर एक लांब रेषा साखळीने मोजून, तिच्यावरून त्रिकोणाला त्रिकोण जोडत ती माणसं डोंगराडोंगरांवरून वर कशी सरकली, एका शिखरावर दुर्बिणीचं अवजड यंत्र आणि दुसऱ्यावर निशाण लावून कोन कसे घेतले, आणि त्या जाळ्याच्या आतला तपशील मग तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवलेल्या फळीवर, शेतात उभं राहून कसा काढला, हे त्यांनी मला असं सांगितलं, की जणू काल संध्याकाळी ती मंडळी इथेच चहा घेऊन गेली. त्या नकाशातले डोंगर बारीक बारीक रेघांचे होते. ओळीने चाललेले सुरवंटच.

"कोर्टात लोक नकाशा आणतात आणि म्हणतात, हा बघा पुरावा," काका म्हणाले. "मी म्हणतो, हा जबाब आहे. कुणीतरी कधीतरी दिलेला. जबाब खरा असतो खरं उलटतपासणी घ्यावी लागते."

इथे 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, हे मला संध्याकाळपर्यंत उमगलं. दुसऱ्या दिवशी निघताना काकूंनी कुंद्याचा, म्हणजे तिथल्या खव्याच्या मिठाईचा, डबा हातात दिला आणि म्हणाल्या, "लग्नाला नेऊ नको, वाटेत खा. खरं सगळा एकदम नको."

संकेश्वरात उतरावं लागलं

सकाळी बसस्थानकावर फलाट विचारायचा संकोच केला आणि त्याची शिक्षा मिळाली. बसची पाटी कानडीत. निपाणीची गाडी कोल्हापूरच्या दिशेने जाते एवढं मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या गाडीत मी जाऊन बसले.

"निपाणी एक."

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "ही गडहिंग्लजला जाणार, बाई. संकेश्वरला उतरा, तिथनं मिळंल. चढायच्या आधी इचारायचं की!"

माझ्या हातात फोन होता आणि त्यावर निळा ठिपका अगदी बरोबर जागी होता. मी कुठे आहे हे मला पूर्ण ठाऊक होतं, फक्त कुठे चालले आहे ते नव्हतं. शेजारच्या बाईला हे सांगितलं असतं तर ती हसली असती, पण मी सांगितलं नाही.

हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. पुढच्या ट्रॉलीतून एक एक ऊस घसरून रस्त्यावर पडत होता आणि मागचे मोटारसायकलवाले वाकून उचलत होते. संकेश्वरच्या स्टँडवर निपाणीच्या गाडीला वेळ होता. मी कुंदा काढला आणि काकूंचा सल्ला न मानता सगळा एकदम संपवला.

पाहुणी

लग्नघरी माणसं मावत नव्हती, म्हणून माझी सोय शेजारी, भूपाल अण्णांकडे केली होती. अण्णा जैन, शेतकरी, घरात बायकोशी मराठीत बोलणारे आणि बैलांशी कानडीत. त्यांच्या पत्नी सुमतीआक्का कमी बोलतात, म्हणून मला त्या लगेच आवडल्या. दुपारी त्यांनी ज्वारीची भाकरी, कच्च्या केळ्याची भाजी, मुगाची आमटी आणि शेंगाची चटणी वाढली. कांदा नाही, बटाटा नाही, आणि मला काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

"राती जेवन न्हाय बरं का हिथं," त्यांनी सांगून ठेवलं. "दिवस बुडायच्या आत. भूक लागली तर लग्नघरी जा, तिथं चालूच हाय."

पुण्यात आम्ही दहा वाजता जेवतो. इथे पाचला ताटं मांडतात आणि अंधार पडायच्या आत भांडी पालथी घालतात. घर कसं हलकं होऊन जातं.

प्रियांका हळद लावून बसली होती. तिच्याकडून मला संध्याकाळच्या कार्यक्रमाचं कळलं. सीमांतपूजन म्हणजे नवरदेव आला की वधूच्या वडिलांनी गावच्या शिवेवर जाऊन त्याचे पाय धुवायचे आणि मग त्याला गावात आणायचं. शीव म्हणजे गावाची हद्द. आता हे सगळं हॉलच्या दारातच उरकतात. पण प्रियांकाच्या वडिलांनी, आप्पांनी, यावेळी हट्ट धरला होता.

"माझ्या दोन बहिणींची लग्नं निपाणीत हॉलवर झाली," ती म्हणाली. "आप्पा अजून म्हणतात, जावयांचं पाय मी पार्किंगमध्ये धुतलं. ही शेवटची हाय, हिच्या नवऱ्याला शिवेवरनंच आणणार."

मला ते फार छान वाटलं. पाच वाजेपर्यंत.

शिवेवर

पाचच्या सुमाराला भूपाल अण्णा घाईघाईने घरी आले. ते आप्पांबरोबर पूजेची ताटं घेऊन शिवेवर गेले होते. ताटावर बसता बसता त्यांनी आक्कांना बातमी दिली. वऱ्हाड येऊन उभं होतं, बँड वाजून वाजून गप्प झाला होता, आणि शीव कुठे आहे यावर वाद जुंपला होता.

नियम दोघांनाही मान्य होता. पूजणाऱ्याने आपली शीव सोडायची नाही आणि नवरदेवाने पूजा झाल्याशिवाय ती ओलांडायची नाही. दोघांनी रेघेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहायचं. आप्पा ओढ्यावरच्या मोरीशी, म्हणजे छोट्या पुलाशी, पाट मांडून उभे होते, कारण ओढा हीच शीव असं ते लहानपणापासून ऐकत आलेले. पण नवऱ्या मुलाच्या मामांनी फोन काढला. हे मामा शाळेत गणित शिकवतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. फोनवरच्या नकाशात शीव मोरीपासून वीसेक पावलं आत, प्रियांकाच्या गावाच्या बाजूला दिसत होती. म्हणजे आप्पा परक्या गावात पाट मांडून उभे होते. मास्तर म्हणत होते, तुम्ही वीस पावलं मागे सरा. आप्पा म्हणत होते, माझ्या गावात मी मागे सरणार नाही.

शेजारच्या लग्नघराच्या खिडकीतून प्रियांका हे ऐकत होती, म्हणून मी त्या खिडकीशी गेले. हळदीचा हात तिने माझ्या मनगटावर ठेवला.

"उद्या मी त्या घरात जाणार," ती हळूच म्हणाली. "आज आप्पा हरले तर मास्तर मला जन्मभर ऐकवणार. मास्तर हरले तर त्यांचा राग माझ्यावर. तू नकाशे करतेस ना? जा तू."

"मी? मी काय बोलू?"

"काय पण बोल. खरं कुणी हरायला नको."

अण्णांनी समोरच्या भाकरीकडे बघितलं, मग पश्चिमेकडे बघितलं. "चला बाई," ते म्हणाले. "दिवस बुडायच्या आत मला परत आणायचं, एवढीच अट."

मोटारसायकलवर मागे बसून मी पोचले, तेव्हा मोरीच्या एका बाजूला आप्पा, पाट, तांब्या, ताटं आणि आमची माणसं. दुसऱ्या बाजूला वऱ्हाड आणि जीपमध्ये घाम पुसत बसलेला नवरदेव. बँडवाले मोरीच्या कठड्यावर बसून ऊस सोलत होते. मास्तर दिसत नव्हते.

"मास्तर कुठं हायत?" अण्णांनी विचारलं.

"उसात," कुणीतरी म्हणालं.

रस्ता तिथे वळण घेतो, आणि फोनवरची रेघ रस्त्याऐवजी आप्पांच्याच उसातून गेलेली होती. उसाचे तुरे हलत होते आणि त्यांच्यामधून एक गुलाबी फेटा सरकत होता.

"हिथं! हिथं हाय बगा शीव!" आतून आवाज आला. फेटा थांबला, मग डावीकडे सरकला. "न्हाय, थांबा. आता तिकडं दावायलंय!"

"मास्तर, फोनला इचारा, साप कुठं हाय ते बी दावतोय का," आप्पांच्या बाजूचा कुणीतरी ओरडला आणि सगळे हसले. वऱ्हाडातले मात्र हसले नाहीत, आणि ते मला दिसलं.

मास्तर बाहेर आले. कोटाला उसाचं पाचट, गालावर ओरखडा. अण्णांनी मला पुढे ढकललं. "ह्या पुण्याच्या नकाशाच्या बाई. हेंचा धंदाच हाय त्यो."

पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी मास्तरांचा फोन मागून घेतला, कारण फोनकडे बघत बोलणं सोपं होतं.

रेघ पाहिल्याबरोबर मला कळलं. ओढा वाकडातिकडा होता आणि रेघ सरळ होती.

"मास्तर, ही रेघ कुणीतरी माझ्यासारख्याच माणसाने काढलीय," मी म्हटलं. आवाज माझा मलाच लहान वाटला. "जुन्या कागदी नकाशावर माउसने एकेक टिचकी मारत जायचं. दोन टिचक्यांच्या मधे रेघ सरळ जाते. ओढ्याच्या वळणावर टिचक्या जास्त मारायला हव्यात, पण संध्याकाळ झालेली असते, घरी जायचं असतं. हे वळण इथे कापलं गेलंय."

"बघा! म्हंजे ओढाच खरा!" आप्पा म्हणाले.

कुणी हरायला नको होतं.

"कुठला ओढा?" मास्तर वळले. "आप्पा, देवाच्यान् सांगा. ही मोरी बांधली तवा ओढा हलवला का न्हाय? जुना ओढा कुठनं व्हता?"

आप्पा पूजेच्या ताटाकडे बघत म्हणाले, "थोडा सरकवला व्हता. खोटं कशाला बोलू."

"किती?"

"कोण ध्यानात ठेवतंय, मास्तर? तिथं आता ऊस हाय."

म्हणजे फोनही चुकला होता आणि ओढाही. आता कुणाकडेच काही उरलं नाही. जीपमधून नवरदेवाने हळूच विचारलं, "मामा, मी उतरू का?" आणि त्याला दोन्ही बाजूंनी एकदम "बस तिथंच!" असं उत्तर मिळालं. दोन्ही गावांचं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एकमत झालं.

अण्णा माझ्या मागे उभे होते. "बाई, सूर्व्या बघा," ते कुजबुजले.

मी मास्तरांकडे बघितलं. गालावरच्या ओरखड्यासकट तो माणूस मला एकाएकी ओळखीचा वाटला. बरोबर उत्तराशिवाय त्याला तिथून हलता येत नव्हतं. मलाही कामावर असंच होतं.

"मास्तर, एक गणित घालू का?" मी म्हटलं.

"घाला."

"ही रेघ ज्या कागदी नकाशावरून आली, तो बहुतेक पन्नास हजारात एक या प्रमाणाचा. त्यावर हद्दीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते. ती जमिनीवर उतरवली तर केवढी होईल?"

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलले. "अर्धा गुणिले पन्नास हजार. पंचवीस हजार मिलिमीटर." डोळे उघडले. "पंचवीस मीटर."

"आणि तुमची शीव न् आप्पांची शीव, यात अंतर किती?"

"वीस पावलं." मग त्यांनी उसाकडे बघितलं, मोरीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "म्हंजे रेघेच्या जाडीत बसतंय! आप्पा, तुमी रेघेतच हाय. आमी बी रेघेतच हाय!"

"कोन म्हणतंय?" आप्पांनी विचारलं.

"गणित म्हणतंय!" मास्तर म्हणाले, आणि पाचट झटकत मोरीवर येऊन उभे राहिले. "कुणी मागं सरायचं न्हाय, कुणी फुडं यायचं न्हाय. हिथनं तिथवर सगळी शीवच हाय."

आप्पांना गणित कितपत पटलं मला सांगता येणार नाही. पण मास्तर आपण होऊन त्यांच्या पाटाजवळ आले होते, तेवढं त्यांना पुरलं. अण्णांनी तर वाटच बघितली नाही. "झालं की मग! पाट सरळ करा, तांब्या आणा. ए बँडवाले, ऊस टाका आता!"

नवरदेव उतरला. आप्पांनी पाटावर त्याचे पाय ठेवले आणि धुतले, सावकाश, टाचेपासून बोटांपर्यंत, कुणी घाई करू नये अशा बेताने. नंतर ते उठायला गेले तर गुडघा धरला. मास्तरांनी हात दिला. दोघं एकमेकांना धरून उभे राहिले आणि बँड एकदम इतक्या जोरात सुरू झाला, की उसातले बगळे उडाले.

परत येताना अण्णांनी गाडी अशी पळवली, की मी देवाचं नाव घेतलं. दारात पोचलो तेव्हा सूर्याची कड डोंगरावर टेकलेली होती. आक्कांनी ताट अंगणातच आणलं आणि अण्णा मान वर न करता जेवले. शेवटचा घास गिळून त्यांनी पश्चिमेकडे बघितलं आणि समाधानाने ढेकर दिली.

अक्षतेनंतर

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. पंगतीत गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, होती, वर तुपाची धार. मास्तर मुद्दाम आमच्या पंगतीत येऊन बसले आणि वाढप्याला म्हणाले, "ह्या बाईंना रेघ ओढल्यावानी तूप घालू नको, जाड घाल." प्रियांका नवऱ्याच्या शेजारी बसून लाजायचं सोडून खदखदून हसली. पाठवणीच्या वेळी तिने मला मिठी मारली. मास्तरांनी तिची बॅग स्वतः उचलून जीपमध्ये ठेवली, हे आम्ही दोघींनी बघितलं.

दुपारी मी अण्णांकडे सामान आवरत होते. निपाणीच्या गाडीला अर्धा तास होता. सुमतीआक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जायच्या आधी एक काम हाय गं."

"काय आक्का?"

"माझ्या दिरानं बांध रेटलाय. आमी म्हणतोय त्यानं, त्यो म्हणतोय आमी. दोन वर्सं झाली, घरात येईना, बोलंना. आत्ता बांधावर उभा हाय, मी बलावलंय त्याला."

"आक्का, मला खरंच जमीन मोजता येत नाही. मी फक्त पडद्यावर काम करते."

"मोजून दोनदा झालंय," आक्का म्हणाल्या. "मोजलं की भांडान वाढतंय. तू मोजू नको. नुसतं काल बोललीस तसं बोल."

मी बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या मागून बांधाकडे निघाले. निपाणीची गाडी गेली. त्यानंतरचीही गेली.